घरच्याच लोकांनी चालवलेली छोटी वायनरी, टेस्टिंगला जायचंय, काय काय लक्षात ठेवू?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही चाळीसगावचे. जानेवारीच्या शेवटी नाशिकला साडूभाऊंकडे जायचंय आणि त्यांनी परस्पर बेत ठरवून टाकलाय की दिंडोरीकडे त्यांच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याची छोटी वायनरी आहे, नवरा-बायको आणि मुलगा मिळून चालवतात, तिथं टेस्टिंगला जाऊ. मोठ्या वायनऱ्या मी पाहिल्यात, तिकीट काढायचं, एक पोरगा पाठ केलेलं इंग्रजीत बोलून दाखवतो, फोटो काढायचे, पिझ्झा खायचा, संपलं. हे प्रकरण वेगळं वाटतंय. घरात जाऊन बसायचं, समोर मालक स्वतः ओतून देणार, मग आवडली नाही तर तोंडावर सांगायचं कसं? काहीच विकत नाही घेतलं तर बरं दिसतं का? पैसे घेतात का टेस्टिंगचे की आपण विचारायचं? सोबत बायको, दोन पोरं आणि माझे वडील आहेत. वडिलांच्या गळ्यात माळ आहे, त्यांना घरी ठेवू म्हटलं तर तेच म्हणाले मी येतो, मला बाग बघायचीय. आता बोला.

अहिराणी_आप्पा
काय भो, पेवाले नासिक जावानी काय गरज शे, आठेच भेटी जाई ना!

भरीतभाकरी
वडिलांना नेताय ते झकास, पण आधी कालनिर्णय बघा, नेमकी एकादशी नको निघायला 😄

पांझरा_धुळे
पैसे कसले? शेतकऱ्याच्या घरी ओळखीनं चाललात ना? आमच्याकडे कोणी शेतात आला तर हुरडा, भरीत, ताक सगळं होतं आणि जाताना पिशवीत वांगी पण घालून देतो. घोटभर वाइन चाखवायचे पैसे मागणं हे शहरी खूळ आहे. मोठ्या कंपनीनं घ्यावं, तिथं एसी आहे, नोकर आहेत. पण घरच्या माणसानं पाहुण्याकडून फी घ्यायची म्हणजे जरा जास्तच होतं.

निफाडची_लेक
पांझरा भाऊ, राग मानू नका पण थोडं ऐका. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, सासर अमळनेर. एका टेस्टिंगला साधारण ३० मिलीचा घोट असतो, पाच वाइन दिल्या तर माणशी १५० मिली. पाच माणसं आली की ७५० मिली, म्हणजे अख्खी एक बाटली गेली. शिवाय पाच वेगवेगळ्या बाटल्या उघडाव्या लागतात आणि उघडलेली बाटली दोन-तीन दिवसांत उतरते, मग ती कोणाला विकणार? एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात. वांगं झाडाला उद्या परत येतं हो, वाइनचं पीक वर्षातून एकदाच, आणि ते बाटलीत जाईपर्यंत आणखी काही महिने. वर एक्साइजच्या रजिस्टरला बाटली न् बाटली दाखवायची ती वेगळीच कटकट.

गिरणाकाठ, तुम्ही फोन करतानाच मोकळेपणानं विचारा, टेस्टिंगचं कसं असतं तुमच्याकडे. बऱ्याच ठिकाणी बाटल्या घेतल्या तर फी त्यातच वळती करतात. आणि जानेवारीअखेर जाताय तर फोन करूनच जा, कारण तेव्हा पांढऱ्या जातींची तोडणी सुरू झालेली असते, सोव्हिन्यो ब्लां, शेनिन ब्लां वगैरे. घरची सगळी माणसं पहाटेपासून बागेत असतात. तुम्ही अचानक जाऊन उभे राहिलात तर बिचारी हात धुऊन तुमच्यासाठी ग्लास पुसत बसतील आणि तिकडे क्रेट उन्हात तापतील.

ठेचा_मावशी
लेकी छान सांगितलंस गं. मला एक कळत नाही, बागेतली द्राक्षं आपण खातो तीच ना ही? मग आपली घरची द्राक्षं घेऊन बरणीत टाकली तर होत नाही का?

निफाडची_लेक
नाही मावशी, जात वेगळी. खायची थॉमसन, सोनाका ही मोठ्या मण्याची, पातळ सालीची, बिनबियांची. वाइनची म्हणजे शिराझ, कॅबर्ने, शेनिन यांचे मणी बारके, साल जाड, आत बी. साखरही जास्त लागते, खायच्या द्राक्षाला १८ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास आली की तोडणी करता येते, वाइनला बावीस-चोवीसपर्यंत थांबतात. माल मुद्दाम कमी ठेवतात, एकरी चार-पाच टनाच्या आसपास. जास्त घड ठेवले की रस पाणचट होतो. खायच्या द्राक्षाला याच्या दुप्पट, कधी जास्तही निघतं. बरणीत टाकायचं म्हणाल तर आंबेल जरूर, पण काय होऊन बाहेर येईल ते सांगता येत नाही, बऱ्याचदा व्हिनेगर. आणि घरी करणं कायद्यातही बसत नाही.

रावेरी_केळ
एकरी चार टन ऐकून आमच्याकडे लोक वेड्यात काढतील. केळीला तेवढ्यात खत-पाण्याचाही खर्च सुटायचा नाही.

यावरून आठवलं, केळीची वाइन का कोणी करत नाही मोठ्या प्रमाणावर? भाव पडला की रावेर-यावलला केळी गुरांना घालायची वेळ येते. आमच्या गावात एक कृषी पदवीधर पोरगा करून बघत होता, म्हणाला काका, चवीला वाईट नाही पण गढूळपणा जात नाही.

बल्लवाचार्य
बरोबर बोलला तो. केळ्यात पेक्टिन आणि स्टार्च भरपूर, रस सुटतच नाही नीट, लगदा होतो. पेक्टिनेज नावाचं एन्झाइम घालून मग रस काढायचा, मग गाळायचा, आम्लपण कमी पडतं म्हणून ते वेगळं घालायचं. द्राक्षाचं बरं असतं, साखर, आम्ल, पाणी सगळं आपापल्या जागी घेऊनच येतं, सालीवर यीस्टसुद्धा असतं. म्हणून जगभर वाइन म्हटलं की द्राक्ष.

सातपुडा_धडगाव
आमच्या मोहाला विसरू नका राव. मार्च-एप्रिलला पहाटे झाडाखाली फुलं पडलेली असतात, बाया-पोरं टोपल्या घेऊन वेचतात, वाळवतात, आणि मग... पुढचं सगळ्यांना माहितीय. फक्त ती वाइन नव्हे हां, ती भट्टीवर ऊर्ध्वपातन करून काढलेली असते. आंबवून तशीच ठेवली ती वाइन, तापवून वाफ धरली ती दारू. वाइन १२-१३ टक्के अल्कोहोलच्या आसपास राहते. मोहाचं टक्केवारीत विचारू नका, भट्टीवाल्यावर अवलंबून.

अहिराणी_आप्पा
टक्केवारी डोळा सांगतंस 😂

नवापूरकर
आमचं दुःख वेगळंच. आमचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत. नाशिकहून बाटली घेऊन येताना एका टोकाला कायदेशीर आणि पलीकडच्या टोकाला गुन्हेगार. सुरतच्या मेहुण्यानं वाइन मागवली की मी त्याला सांगतो, तूच इकडे ये, जेवण माझ्याकडे.

पांझरा_धुळे
निफाडची लेक, हिशोब पटला ताई. पण माझा मुद्दा पैशाचा नाहीये पूर्ण. फी घेतली की मग मी गिऱ्हाईक झालो आणि तो दुकानदार. मग तो खरं सांगणार का मला, की या वर्षीची शिराझ जमली नाही म्हणून? ओळखीनं गेलो तर तो मनातलं बोलतो. मोठ्या ठिकाणी सगळंच 'अप्रतिम' असतं.

निफाडची_लेक
याच्या उलट पण होतं भाऊ. फुकट चाखवलं की पाहुणा भिडेपोटी 'वा वा' करतो आणि मालकाला शेवटपर्यंत कळतच नाही काय चुकलं. पैसे दिलेला माणूस निदान तोंड वाकडं करायला मोकळा असतो.

आणि घरचा धंदा म्हणजे काय असतो ते मी जवळून पाहिलंय. आमच्या बाबांनी २००५ च्या सुमारास करारावर शिराझ लावली होती. २००१ ला राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झाला, जिकडे तिकडे वायनऱ्या निघाल्या, सगळ्यांना वाटलं सोन्याची खाण सापडली. मग २००८-०९ ला मंदी आली, २६/११ नंतर मुंबईची हॉटेलं ओस पडली, टाक्या भरलेल्या तशाच. आमच्या कंपनीनं करार असून माल उचलला नाही. बाबा रोज सकाळी फोन करायचे, समोरचा म्हणायचा उद्या गाडी पाठवतो. घड वेलीवरच सुकले. पुढच्या वर्षी बाबांनी बाग उपटून थॉमसन लावला. त्या काळात टिकून राहिलेल्या छोट्या वायनऱ्या बघितल्या की मला खरंच आदर वाटतो, कारण ती माणसं स्वतःच पिकवतात, स्वतःच विकतात, फोन उचलणारा दुसरा कोणी नाही मध्ये.

पांझरा_धुळे
हे माहीत नव्हतं. बाबांना नमस्कार सांगा.

भरीतभाकरी
धागा एकदम गंभीर झाला. मूळ प्रश्नावर येतो. आवडली नाही तर काय म्हणायचं? मी 'वेगळी आहे' म्हणतो. बायकोच्या माहेरच्या भाजीपासून वापरतोय, अजून कोणी पकडलं नाही.

बल्लवाचार्य
पकडलं आहे हो, तुम्हाला सांगितलं नाही एवढंच.

आता कामाचं. क्रम असतो, आधी पांढऱ्या, मग रोझे म्हणजे गुलाबी, मग लाल, गोड असेल ती शेवटी. उलट केलं तर लालनंतर पांढरी पाण्यासारखी लागते. ग्लास दांडीला धरायचा, फिरवायचा, आधी वास, मग छोटा घोट तोंडात फिरवून. पाठ केलेली वाक्यं अजिबात नको, 'ब्लॅककरंटचा गंध' वगैरे, आपण ब्लॅककरंट कुठे खाल्लंय? जांभूळ, पेरू, चिंच, ओला सागवान, जे आठवेल ते म्हणा, मालकाला त्यातूनच कळतं. आणि शेजारी थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, त्याचा वापर बिनधास्त करा, तो अपमान नसतो. चाखायला आलेले सगळे जाणकार थुंकतातच.

भरीतभाकरी
म्हणजे एवढी वर्षं पानाच्या टपरीवर आमची प्रॅक्टिसच चालू होती.

ठेचा_मावशी
गाडी कोण चालवणार ते ठरवा आधी. चाळीसगावला परत येताना राहुड घाट आहे, रात्रीचे ट्रक असतात.

गिरणाकाठ
मावशी, आम्ही रेल्वेनं जातोय, चाळीसगावहून नाशिकरोड. तिथून गाडी साडूभाऊंची आणि ते स्वतः घेत नाहीत, शुगर आहे.

एरंडोल_एक्सप्रेस
बरं केलंत. कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर गेलं की संपलं, आणि तेवढं व्हायला पाच घोट पुरतात काही माणसांना. आणि महाराष्ट्रात वाइन-बिअरला वय २१ आहे, बाकी दारूला २५, सोबत कॉलेजची भाचरं वगैरे असतील तर.

मला एक विचारायचंय, आपल्या जेवणाबरोबर वाइन चालते का? शेवभाजी, काळा मसाला, वरून ठेचा. जळगावात एका लग्नाच्या आदल्या रात्री एका हौशी पाहुण्यानं लाल वाइन काढली होती, तोंडाची आग झाली.

बल्लवाचार्य
लाल वाइनमध्ये टॅनिन असतं, चहा जास्त उकळला की जीभ जशी ओढली जाते ना तसं. टॅनिन आणि मिरची एकत्र आली की तिखट दुप्पट जाणवतं, अल्कोहोल त्यात तेल ओततं. शेवभाजीबरोबर घ्यायचीच तर थंडगार, जराशी गोडसर शेनिन ब्लां घ्या. वांग्याच्या भरताबरोबर मात्र मला हलकी शिराझ आवडते, भाजलेल्या वांग्याचा धुराचा वास जुळतो. भरतात हिरवी मिरची बेतानं, लेवा पाटलांच्या पंगतीत असते तेवढी नको. डाळबट्टीबरोबर रोझे. फौजदारी डाळीबरोबर काहीच नको, फक्त पाणी आणि देवाचं नाव.

सातपुडा_धडगाव
@बल्लवाचार्य तुमच्या घरी जेवायला कधी येऊ

रावेरी_केळ
खान्देशात का नाही हो एकही नावाजलेली वायनरी? ठिबकचं माहेरघर जळगाव, जमीन काळी कसदार, शेतकरी मेहनती. सगळं नाशिकलाच का?

निफाडची_लेक
रात्रीच्या थंडीमुळे काका. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर, जळगाव २०० च्या आसपास. द्राक्ष पिकताना रात्री गार पडल्या तर आम्ल टिकून राहतं, वाइनला तेच हवं असतं. आपल्याकडे फेब्रुवारीतच चटका सुरू, साखर भराभर चढते आणि आंबटपणा उडून जातो, मग वाइन सपक. काळी कसदार जमीन पण वाइनच्या वेलीला मानवत नाही फार, पाला वाढतो, घड मागे पडतो. हलकी, निचऱ्याची, मुरमाड जमीन बरी. साक्रीचा पश्चिमेकडचा भाग, पिंपळनेरकडचा, तो उंचावर आहे, बागलाणला लागून. तिकडे कोणी मनावर घेतलं तर जमेलही. आमच्या बाबांचा अनुभव ऐकून मी कोणाला आग्रह नाही करणार.

अहिराणी_आप्पा
उंची नई म्हनीसन वाइन नई. आमन्या उंचीवर केळी बरी शे भो.

एरंडोल_एक्सप्रेस
२०२२ च्या जानेवारीत सरकारनं सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय घेतला होता तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय का? शेतकऱ्याच्या फायद्याचं म्हणून एक बाजू, घराघरात दारू म्हणून दुसरी. शेवटी ते काही दुकानात आलं नाही. माझ्या मते...

पांझरा_धुळे
भाऊ इथे राजकारण नको, हा धागा बंद पाडतील. वेगळा काढा, तिथे भांडू.

गिरणाकाठ
मंडळी, जाऊन आलो. बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला म्हणून इथेच लिहितो.

आधी फोन केला होता, त्यांनी दुपारी चारनंतर या म्हटलं, कारण सकाळची तोडणी आणि प्रेसिंग चालू. घरामागे पत्र्याची मोठी शेड, आत स्टीलच्या टाक्या, प्रत्येक टाकीला खडूनं तारीख आणि जात लिहिलेली. काकूंच्या हातात वही, दर टाकीचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहितात, पांढरी १४-१५ अंशावर चाललेली, लालचे आकडे वेगळ्या पानावर. काकूंची नखं जांभळी झालेली होती, लिंबानं पण जात नाही म्हणाल्या. त्यांनी पोरांना आधीच सांगितलं, टाकीत डोकावायचं नाही, आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो आणि खाली साचतो, मोठा माणूस पण चक्कर येऊन पडतो. हे कोणत्याच मोठ्या टूरमध्ये ऐकलं नव्हतं.

एका टाकीचा कॉक उघडून शेनिन दिली, अजून आंबत असलेली. पिवळट, गढूळ, जिभेवर चुरचुरणारी, पिकलेल्या पेरूचा वास आणि मागे ताज्या पावाचा. बायकोला सगळ्यात तीच आवडली, ती विकायची नव्हतीच. मग बाटलीतल्या चार. शिराझ मला कडक लागली, तसंच सांगितलं. मुलगा हसला, म्हणाला खरंय, गेल्या साली ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला, डाऊनी (बुरशीचा रोग) आली, घड कमी आणि कच्चट राहिले, म्हणून आम्ही ती कमी भावात देतोय. पांझरा भाऊ, फी घेतली त्यांनी आणि खरं पण सांगितलं. बाटल्या घेतल्यावर फी वळती केली.

वडिलांचं सांगायचं तर ते शेडमध्ये आलेच नाहीत. मालकाबरोबर बागेत होते तास-दीड तास. डॉगरीज नावाच्या खुंटावर कलम का करतात, पाणी किती, मजूर कुठून आणता, सगळं विचारून घेतलं. मालकानं त्यांना यीस्ट घालायच्या आधीचा ताजा रस दिला, नुसता द्राक्षाचा रस, त्यांनी आधी वास घेतला, दोनदा विचारून खात्री केली आणि मग प्यायले. घरी आल्यापासून सांगतायत की माल विरळ ठेवायची पद्धत आपल्या मोसंबीला करून बघू.

ठेचा_मावशी
वडिलांचं वाचून बरं वाटलं. मोसंबीला विरळणी करतात की, नवीन काय त्यात?

गिरणाकाठ
मावशी तेच मी म्हटलं, पण द्राक्षवाल्यानं सांगितलं म्हणून पटलं, मी दहा वर्षं सांगत होतो.

भरीतभाकरी
बाटल्या किती आणल्या ते सोयीस्कर गाळलंय.

निफाडची_लेक
किती का आणेनात, ठेवणार कुठे ते सांगा. माळ्यावर नको. एप्रिल-मे ला आपल्याकडे ४४-४५ होतं, पत्र्याखाली तर विचारू नका. बूच वर येतं, वाइन शिजते, उघडल्यावर मनुक्याच्या पाण्यासारखी लागते. बुचाच्या बाटल्या आडव्या, घरातल्या सगळ्यात गार खोलीत, उत्तरेकडच्या भिंतीला, अंधारात. पांढरी आणि रोझे होळीच्या आत संपवा. उघडलेली फ्रिजमध्ये, लाल सुद्धा, आणि दोन-तीन दिवसांत संपवायची.

एरंडोल_एक्सप्रेस
स्क्रू कॅपची असेल तर?

निफाडची_लेक
उभी ठेवली तरी चालते. गरमीचं मात्र तेच.

गिरणाकाठ
आमच्याकडे गार खोली एकच, देवघर 😅 बघतो काय करता येईल ते.

अहिराणी_आप्पा
मनाकडे ठेव भो, मी आडवी पन ठेवसू आन संपाडसू पन.